दंड कोणाच्या हाती, आणि कुठवर : प्रस्तावना

रायगडावर ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन तिथे हजर होता. आला होता व्यापाराच्या कलमांसाठी, पण डोळे उघडे ठेवून आला होता. सिंहासनाच्या दोन्ही अंगांना सोनेरी भाल्यांच्या टोकांवर काय काय होते ते त्याने लिहून ठेवले आहे. उजवीकडे मोठ्या दातांच्या माशांची दोन सोन्याची डोकी. डावीकडे घोड्यांच्या शेपट्या, आणि एका फार उंच भाल्याच्या टोकावर सोन्याचा तराजू, दोन्ही पारडी समतोल. हा तराजू न्यायाचा, असे त्याने सोबत नोंदवले. राज्याभिषेकाची चित्रे आपण शेकड्याने पाहतो. छत्र असते, सिंह असतात, सप्तनद्यांचे कलश असतात. भाल्यावरचा तराजू मात्र बहुतेक वेळा राहून जातो.

मासे आणि घोड्यांच्या शेपट्या ही मुसलमानी दरबारांची रीत, हेही ऑक्झेंडनने सांगितले आहे. मोगलांचा माहीमरातिब दख्खनच्या प्रत्येक सरदाराला ठाऊक होता. म्हणजे एकीकडे गागाभट्टांचे मंत्र चालले होते आणि त्याच चौथऱ्यावर विजापूर-दिल्लीच्या वकिलाला वाचता येतील अशी निशाणे उभी होती. यात विसंगती शोधणाऱ्यांनी खुशाल शोधावी. मला त्यात व्यवहार दिसतो: चिन्ह पाहणाऱ्याच्या भाषेत बोलले नाही तर ते चिन्हच नव्हे. मला अधिक विचार करायला लावतो तो तराजू, कारण तो भाल्याच्या टोकावर आहे. भाला नसता तर तो वाण्याच्या दुकानातला तराजू ठरला असता, आणि तराजू नसता तर तो भाला कोणाही लुटारूचा.

या संग्रहातले लेख अशा वस्तूंबद्दल आहेत: राजाने मिरवलेल्या, शिपायाने वाहिलेल्या, कागदाच्या माथ्यावर उमटवलेल्या, दगडावर कोरलेल्या आणि कैद्याच्या गळ्यात अडकवलेल्या. विषय नवा नाही, पण तो कोणाचाच नाही. नाणेतज्ज्ञ नाण्यावरचे चिन्ह ओळखतो आणि शिक्षेकडे वळत नाही. कायद्याचा अभ्यासक कलमे वाचतो. शिपायाच्या हातातल्या काठीकडे त्याचे लक्ष जात नाही. समाजशास्त्रज्ञ काठी पाहतो, पण ती दोन हजार वर्षे मागे नेत नाही. या तिघांना एका बैठकीवर बसवावे, एवढी साधी कल्पना या संग्रहामागे होती. बसवणे साधे गेले नाही, ते असो.

नवख्या वाचकाला विषयाची गाठ पटकन कळावी म्हणून आधी रोमला जाऊन येतो. रोमच्या प्रजासत्ताकात कॉन्सल रस्त्याने निघाला की त्याच्यापुढे एका रांगेत बारा माणसे चालत. त्यांना लिक्टर म्हणत. प्रत्येकाच्या खांद्यावर बर्च किंवा एल्म झाडाच्या छड्यांची, चामड्याच्या पट्ट्यांनी आवळलेली मोळी आणि त्या मोळीतून डोकावणारे कुऱ्हाडीचे पाते. ही शोभेची वस्तू नव्हती. छड्या फटक्यांसाठी आणि कुऱ्हाड शिरच्छेदासाठी. पट्ट्या सोडल्या की दोन्ही हाताशी. प्रजासत्ताकाचा पहिला कॉन्सल ब्रूटस याने कटात सापडलेल्या आपल्या मुलांना याच क्रमाने शिक्षा देववली आणि ती समोर बसून पाहिली, ही कथा रोमन माणूस अभिमानाने सांगे. पण शहराच्या पवित्र हद्दीत शिरताना कुऱ्हाड काढून ठेवावी लागे, कारण तिथे नागरिकाला मृत्युदंडाविरुद्ध लोकांपुढे दाद मागता येत असे. नागरिकांची सभा भरलेली असली तर कॉन्सलच्या लिक्टरांनी मोळ्या झुकवायच्या. आणीबाणीत नेमलेल्या डिक्टेटरपुढे मात्र चोवीस लिक्टर चालत.

या मोळीकडे पाहणारे बहुतेक जण एकीचे बळ वगैरे बोलतात. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात अध्यक्षांच्या आसनामागे ती आहे, आणि मुसोलिनीने १९१९ मध्ये आपल्या चळवळीचे नाव तिच्यावरूनच घेतले. मुसोलिनीने छड्या उचलल्या, कुऱ्हाड उचलली. कुऱ्हाड काढून ठेवण्याची रीत तेवढी उचलली नाही. माझ्या मते सारा विषय याच ठिकाणी आहे. शिक्षेच्या अधिकाराचे चिन्ह दोन गोष्टी सांगते: कोण मारू शकतो, आणि त्याने कुठे थांबायचे. पहिली गोष्ट सगळ्यांना ऐकू येते. दुसरी ऐकायला कान द्यावा लागतो. त्याच्या जोडीला तिसरा प्रश्न असा की, हे चिन्ह वाहतो कोण? लिक्टर हे सामान्य थरातले, पुष्कळदा गुलामगिरीतून सुटलेले लोक असत. ज्यांच्या पाठीवर छडी बसण्याचा संभव सर्वात जास्त, त्यांच्याच खांद्यावर ती मोळी. हा प्रकार रोमपुरता नाही, हे पुढे दिसेलच.

आता घरी येऊ. सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा. नाणी क्षहरात क्षत्रप नहपानाची. एका बाजूला त्याचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी आणि खरोष्ठी. मारण्याची हत्यारे आणि तीन लिप्या, म्हणजे बाजारात येणाऱ्या कुठल्याही व्यापाऱ्याला कोणाचा अंमल चालू आहे ते कळावे. यातली नऊ हजारांहून जास्त नाणी गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठोकलेली आहेत. वितळवून नवी पाडली असती तर ते कोणत्याही राज्यबदलात होते तसे झाले असते. त्याने तसे केले नाही. नहपानाच्या चेहऱ्यावरच आपले चैत्याचे चिन्ह ठोकले, मागे उज्जयिनी चिन्ह ठोकले, आणि खालचे नाक-डोळे कित्येक नाण्यांवर अजून दिसतात. पराभव झाल्याचा पुरावा हातोहात फिरत राहावा, अशीच ही सोय. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. या गोष्टींत रस असलेल्याने तिथे एकदा जाऊन यावे.

हाच गौतमीपुत्र नाशिकच्या पांडवलेण्यांत दुसऱ्या रूपात भेटतो. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात त्याच्या राज्यकाळाच्या अठराव्या वर्षाचे आज्ञापत्र कोरलेले आहे. विजयी सैन्याच्या तळावरून गोवर्धनच्या अमात्याला लिहिलेले. पूर्वी नहपानाचा जावई उषवदात याच्याकडे असलेले दोनशे निवर्तन शेत त्याने भिक्षूंना दिले, आणि त्या शेताला काय काय सवलती आहेत ते बारकाईने सांगितले: राजाच्या माणसांनी आत शिरू नये, हात लावू नये, मिठासाठी खणू नये, जिल्ह्याच्या अंमलदारांनी दखल देऊ नये. युद्ध नुकतेच जिंकलेले आहे, आणि विजेता आपल्याच शिपायांना सांगतो आहे की या बांधाच्या आत तुमचा दंड चालणार नाही. त्याच लेण्यात त्याची आई गौतमी बलश्री हिचा मोठा लेख आहे. मुलगा अपराधी शत्रूचाही जीव घेण्यात रमणारा नव्हता, असे ती त्यात म्हणते. आणि शक, यवन, पल्हवांचा संहार करणारा, क्षहरातांचा वंश निःशेष करणारा, असेही म्हणते. आईला दोन्ही गोष्टी एका दमात सांगता आल्या. इतिहासकारांना त्या एकत्र वाचताना अडखळायला होते.

शास्त्रग्रंथांबद्दल फार लिहीत नाही. त्यावर महामहोपाध्याय काण्यांनी आयुष्य वेचले आहे. मनुस्मृतीत राजाच्या आधी दंडाची महती आहे. वाग्दंड, धिग्दंड, धनदंड, वधदंड अशी चढती पायरी आहे. कौटिल्य बजावतो की कडक दंडाने लोक विटतात, मऊ दंडाने राजाला कोणी मोजत नाही, म्हणून योग्य तेवढाच द्यावा. हे सगळे ठाऊक असलेल्या वाचकालाही शतपथ ब्राह्मणातला राजसूयाचा एक विधी बहुधा ठाऊक नसतो. अभिषेक होत असलेल्या राजाच्या पाठीवर अध्वर्यू आणि त्याचे साथीदार काठ्यांनी हळूच, एक शब्द न बोलता मारतात. त्यामुळे राजा दंडाच्या पलीकडे जातो, असे ग्रंथ सांगतो. म्हणजे पुढे कोणी मारायचे नाही म्हणून एकदा आत्ताच मारून घ्यायचे. राजा शिक्षेपासून मुक्त आहे हे सांगण्यासाठी आधी त्याला शिक्षा करावी लागली, यात त्या पुरोहितांचे शहाणपण होते की विनोदबुद्धी, कोण जाणे.

जिथे राजाची काठी पोचत नाही तिथे काय करायचे, याचे उत्तर शिलाहारांच्या कोकणात दगडावर मिळते. गधेगाळ म्हणतात ते हेच दगड. वर चंद्रसूर्य, मध्ये लेख, खाली गाढव आणि स्त्री. दान मोडणाऱ्याच्या आईला दिलेली शिवी, राजाज्ञा म्हणून कोरलेली. शं. गो. तुळपुळ्यांनी शके ९३४ चा वाचलेला अक्षीचा लेख आणि शके ११०९ चा परळचा लेख मराठी भाषेच्या इतिहासात मानाने सांगतात, तेव्हा त्यातल्या शिवीवरून आपण जरा घाईने पुढे जातो. ती शिवी म्हणजे राज्याची कबुली आहे: आम्ही गेल्यावर, चंद्रसूर्य असेतोवर, हे दान राखायला आमचा शिपाई उभा राहणार नाही. अपमान झेलायला पुन्हा बाईच. गुन्हा करणारा पुरुष, शिक्षेचे चित्र त्याच्या आईचे.

गोव्यात जुने गोवे येथे रस्त्याकडेला काळ्या दगडाचा एक खांब आहे, त्याला लोक हातकातरो खांब म्हणतात. पोर्तुगीज तिथे लोकांना बांधून हात तोडत, अशी समजूत. तो नगरसत्तेचा दंडस्तंभ होता असे दुसरे मत. पोर्तुगालात असे स्तंभ गावाच्या स्वायत्त न्यायाधिकाराची खूण म्हणून चौकात मिरवले जात. एकच खांब एका तीरावर नागरिकत्वाची खूण आणि दुसऱ्या तीरावर दहशतीची. संग्रहातला त्यावरचा लेख लोकस्मृतीला खोटे पाडण्याच्या भरीस पडत नाही, हे मला आवडले.

मराठेशाहीवर सर्वात जास्त पाने खर्ची पडली आहेत, आणि ते योग्यच आहे, कारण कागद इथे बोलतात. रांझ्याच्या बाबाजी गुजर पाटलाने बदअमल केला म्हणून त्याचे हातपाय तोडून पाटिलकी काढून घेतल्याचे शिवाजीराजांचे पत्र सर्वांना माहीत आहे. त्या पत्राच्या माथ्यावर शिक्का आहे. त्या शिक्क्यात प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढती मुद्रा आहे, हे शाळकरी पोरही सांगेल. पत्राच्या शेवटी उमटणाऱ्या मोर्तबाबद्दल मात्र कोणी सांगत नाही. त्याचा मजकूर एवढाच की ही मर्यादा शोभते आहे. हेतू कारकुनी आहे, म्हणजे खाली रिकाम्या जागेत कोणी चार ओळी घुसडू नयेत. पण हातपाय तोडण्याचा हुकूम चालवणारे राज्य आपल्या प्रत्येक कागदाला शेवटी कुंपण घालते, ही गोष्ट मला कारकुनीपेक्षा मोठी वाटते.

गावपातळीवर न्याय गोतसभेत होई. देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार देवळात किंवा नदीकाठी बसत. वादी-प्रतिवादी आधी राजीनामा लिहून देत, म्हणजे निकाल मान्य करू असा कबुलीचा कागद. मग करीना म्हणजे दाव्याची हकीगत, साक्षी, आणि शेवटी महजर, म्हणजे सभेचा निवाडा. हरणारा येजितखत, म्हणजे हार मान्य केल्याचा कागद, लिहून देई. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी; दोन्हीकडून सरकारची तिजोरी भरे, हेही लक्षात ठेवलेले बरे. एखादा महजर समोर ठेवून पाहावा. मजकूर मोडीत, एकटाकी. खाली सह्यांच्या जागी पाटलाचा नांगर आणि मग ज्याच्या त्याच्या धंद्याच्या हत्याराची चित्रे. ज्याला अक्षर येत नाही त्याचे अवजार त्याच्या वतीने साक्ष देते. वरून राजाचा शिक्का आणि खालून गावाची निशाणी, असे दोन्ही बाजूंनी बांधलेले हे कागद आहेत. माझ्या पाहण्यात राज्यसत्तेचे याहून प्रामाणिक चित्र नाही.

साक्षीपुराव्याने भागले नाही तर दिव्य. रव्याच्या दिव्यात तेल-तुपाच्या उकळत्या मिश्रणातून धातूचा तुकडा हाताने बाहेर काढायचा. काढल्यावर हाताला पिशवी बांधून तिच्यावर मोहोर करीत आणि तिसऱ्या दिवशी सर्वांसमक्ष उघडत. हात भाजला की दावा खोटा. त्या पिशवीवरच्या लाखेची मला आठवण राहते. सरकारी मोहोर कागदावरून उतरून माणसाच्या मनगटावर आली, आणि दोन रात्री त्या माणसाचा हात हाच खटल्याचा पुरावा.

या सगळ्यात काठी कोणाच्या हातात होती? गावात ती महाराच्या हातात होती. वेसकर म्हणून पहारा, शिवेच्या तंट्यात साक्ष, चावडीवर बोलावणी, खजिन्याबरोबर चालणे. घुंगरांची काठी हे त्याच्या सरकारी कामाचे चिन्ह. ती वाजली की लोक वाट देत. काठी खाली ठेवली की त्याच माणसाने वाट सोडून चालायचे. रोमच्या लिक्टरचे आणि याचे नाते इथे लागते, पण इथला करार अधिक कठोर होता, कारण तो पिढीजात होता. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात महार वतनाविषयी विधेयक आणले तेव्हा ही काठीच टाकून देण्याची भाषा होती. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने गेली ती १९५८ मध्ये.

पेशवाईचा न्याय म्हटला की मराठी वाचकाला दोनच माणसे आठवतात. रामशास्त्री प्रभुण्यांनी नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. ज्यांना सांगितले ते रघुनाथराव आमच्या नाशिकशेजारी आनंदवल्लीत वाडा बांधून राहिलेले, आणि शेवटी १७८३ मध्ये कोपरगावी अंथरुणावरच वारलेले. तराजू समतोल होता. त्याखाली भाला नव्हता. दुसरा घाशीराम कोतवाल. कोंडून ठेवलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि १७९१ मध्ये जमावाने त्याची धिंड काढून त्याला दगडांनी ठेचले. इथे उलटे. कोतवालाकडे काठी होती, तिला हद्द नव्हती. मग त्याला मारणाऱ्यांनाही ती राहिली नाही. या दोघांच्या मधला जो रोजचा न्याय होता, तो दप्तरांत पडून आहे आणि नाटकात येत नाही.

एक प्रथा मात्र आजही जिवंत आहे आणि दरबारातून निघून भलतीकडेच पोचली आहे. दरबारांचे भालदार-चोपदार गेले; मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्तींच्या पुढे चोपदार अजून चालतात, ती इंग्रजांची रीत. पण आळंदीच्या पालखी सोहळ्यातला चोपदार वेगळा आहे. मुक्कामाच्या तळावर समाजआरतीपूर्वी तो दंड उंचावतो आणि हजारो टाळ एका क्षणी थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, मग तीही थांबते. दंड वर गेल्यावरही आवाज करण्याचा हक्क आणि त्या आवाजाकडे चालत जाण्याचे दंडधाऱ्याचे बंधन, दोन्ही प्रथेत आहेत. शिक्षेची धमकी नसलेला दंड इतकी शिस्त कशी लावतो, यावर एक स्वतंत्र लेख आहे आणि तो संग्रहातला माझा सर्वात आवडता आहे.

इंग्रजी अमलात चिन्हांची जागा बदलली. १८६४ च्या कायद्याने फटक्यांच्या शिक्षेला छापील मोजमाप आले. ती शिक्षा गेली १९५५ मध्ये. फाशी हळूहळू चौकातून भिंतींआड गेली. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या; कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी फाशी दिली ती ठाण्याच्या तुरुंगात. जॅक्सन स्वतः प्राच्यविद्येचा अभ्यासक, भगवानलाल इंद्रजींच्या गुजरातच्या इतिहासाचे काम पुढे नेणारा. ज्या भगवानलालांनी पांडवलेण्यांचे लेख वाचले, त्यांच्याच कामाचा वारसदार इथे सत्तेचे चिन्ह म्हणून मारला गेला. त्या माणसाबद्दल काय वाटावे, याची सक्ती मी वाचकावर करीत नाही. अंदमानात सावरकरांच्या गळ्यात जो बिल्ला आला त्यावर सुटकेचे साल १९६० होते. राजाचे चिन्ह राजाच्या पुढे चालत असे. आता ते शिक्षा झालेल्याच्या अंगावर आले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर गुन्ह्याचीही गरज ठेवली नाही. जन्माला येणे पुरेसे होते, आणि हजेरीचे पुस्तक हेच चिन्ह. तो कायदा रद्द झाला १९५२ मध्ये. पाठीमागे राहिलेला संशय कोणत्या वर्षी रद्द झाला ते अजून कोणी जाहीर केलेले नाही.

या विषयावर लिहिणाऱ्यांची घराणी थोडक्यात सांगतो. पहिले साधनांचे: राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापली आणि महजर, निवाडपत्रे वाचकाच्या हाती आली. त्याच ओढीने १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. दुसरे संस्थांच्या इतिहासाचे: सुरेंद्रनाथ सेन यांचा मराठा राज्यकारभारावरचा ग्रंथ १९२३ चा, वि. त्र्यं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरचा १९५३ चा. गुण्यांशिवाय आजही पाऊल टाकता येत नाही. पण या घराण्याला न्यायव्यवस्थेचा आराखडा दिसतो. मार खाणाऱ्याची पाठ दिसत नाही. ती दिसते तिसऱ्या घराण्याला, आणि त्याचा आरंभ विद्यापीठात झालेला नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली शेतकऱ्याच्या हाती असूड दिला तेव्हा शिक्षेचे हत्यार पहिल्यांदाच उलट्या दिशेने फिरले. त्रिंबक नारायण आत्रे यांचा गावगाडा १९१५ चा. त्यांची मते सगळी पटणार नाहीत, नजर मात्र चुकत नाही. पुढे फुकाझावा, सुमित गुहा अशा अभ्यासकांनी हेच कागद जातीच्या आणि गावकीच्या बाजूने वाचले. १९७५ नंतर मिशेल फुको आला आणि आपल्याकडे काही दिवस प्रत्येक प्रबंधात पॅरिसचा तुरुंग दिसू लागला. फुको उपयोगी आहे. पण चावडीपुढचा खोडा समजून घ्यायला आधी चावडी माहीत हवी.

हे सगळे आज का? कारण चिन्हे पुन्हा मैदानात आहेत. संसदेच्या नव्या इमारतीत २८ मे २०२३ रोजी सेंगोल ठेवला गेला. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता लागू झाली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या ग्रंथालयात न्यायदेवतेची नवी मूर्ती लोकांना दिसली. डोळ्यांवर पट्टी नाही, हातात तलवारीच्या जागी संविधान. तराजू राहिला, भाला गेला, असे ऑक्झेंडनने लिहिले असते. त्याच काळात बुलडोझर हे शिक्षेचे चिन्ह झाले, सभांमध्ये मिरवले गेले, आणि १३ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याच न्यायालयाला सांगावे लागले की केवळ आरोप आहे म्हणून कोणाचे घर पाडता येणार नाही. मोळीतली कुऱ्हाड काढून ठेवण्याचाच हा प्रसंग, फक्त यंत्र मोठे. आमच्या विधानसभेत विरोधक राजदंड पळवतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र येते. बाक पळवला असता तर आले नसते. नाशिकला २०२५ च्या ऑक्टोबरात आरोपींकडून ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ असे वदवून घेतलेल्या चित्रफिती घरोघरी पाहिल्या गेल्या. नाशिककरांना त्या आवडल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. गुंडगिरीने लोक पिचले होते. तरी खटला उभा राहण्याआधीची ही धिंड कोणत्या यादीत घालायची, धिग्दंडाच्या की घाशीरामाच्या, हा प्रश्न या संग्रहाने टाळलेला नाही.

राज्याबाहेरचा दंडही संपलेला नाही. जातपंचायतींविरुद्धची चळवळ २०१३ मध्ये नाशिकच्याच एका घटनेतून उभी राहिली आणि २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा त्यातून आला. उकळत्या तेलातून नाणे काढायला लावल्याच्या बातम्या या शतकातल्या आहेत. रवा दिव्याची पद्धत तीच, फक्त पिशवीवर सरकारी मोहोर नाही. एवढ्या एका फरकाने एक न्याय ठरतो आणि दुसरा गुन्हा, हे वाचून काही वाचक अस्वस्थ होतील, मीही झालो.

राहता राहिले नाशिकचे निमित्त. संग्रह इथून निघतो आहे तो केवळ संपादक इथे राहतो म्हणून नव्हे. नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात मुद्रांक छापले जातात. जमिनीचा व्यवहार असो की न्यायालयातला दावा, त्या कागदाशिवाय पाऊल पुढे पडत नसे. थोड्या अंतरावर मध्यवर्ती कारागृह आहे, जिथे साने गुरुजींनी १९३३ साली श्यामची आई लिहिली. त्र्यंबक रस्त्यावरच्या पोलिस अकादमीत फौजदार घडतात. सराफ बाजाराजवळ पेशव्यांचा सरकारवाडा आहे आणि त्याच्या नावाचे पोलिस ठाणेही. शिक्का, तुरुंग, काठी आणि वाडा एका रिक्षाच्या फेरीत पाहता येणारे शहर दुसरे कुठले असेल तर मला कळवावे.

या पुस्तकात सलग इतिहास नाही. यादवकाळावर फार थोडे आहे, निजामशाहीतल्या काझीच्या न्यायावर एकच लेख आहे, आणि तो हवा होता त्याहून तोकडा आहे. लेखकांचे एकमत करण्याचा प्रयत्न मी केला नाही. गधेगाळीवरचे दोन लेख एकमेकांना सरळ छेद देतात आणि ते मुद्दाम शेजारी ठेवले आहेत. मोडी कागदांचे लेखन जसेच्या तसे दिले आहे, शुद्धलेखन सुधारलेले नाही. वाचकाने कुठूनही सुरुवात करावी, हरकत नाही. फक्त गोतसभेवरचा भाग गुन्हेगार जमातींवरच्या भागाआधी वाचावा. नांगराच्या निशाणीने साक्ष देणाऱ्या गावात नंतर हजेरीचे पुस्तक आले तेव्हा नेमके काय गेले, ते त्या क्रमाशिवाय कळत नाही.